कटिंग टेबलावरचा कॉम्प्युटर

“नाना, परत अडकला.”

“अडकू दे. सुटेल आपोआप.”

“कोरेगावची माणसं ताटकळलीत बाहेर.”

“मग चहा टाक.”

“दोनदा टाकला.”

“तिसऱ्यांदा टाक. लग्नाचं काम आहे, वडापावचं नाही.”

नानांनी पेपरातून मान वर केली नाही. मी कपाळाला हात लावून बाहेरच्या खोलीत आले. कॉम्प्युटरच्या पडद्यावर ते वाळूचं घड्याळ उलटं व्हायचं, सुलटं व्हायचं, परत उलटं. मुलाच्या बापानं मनगटाकडं बघून झालं होतं. आईनं भिंतीवरचं कॅलेंडर सणावारांसकट वाचून काढलं होतं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तसा तो मुलगा तर प्रिंटरपाशीच जाऊन उभा राहिला होता.

शेवटी बाप उठला. “ताई, आम्ही जरा मंडईतनं जाऊन येतो.”

मंडईतनं जाऊन येतो म्हणणारी माणसं परत येत नसतात. स्टँडजवळ नवीन केंद्र निघालं होतं, तिथं पत्रिका हातात पडायला चहा पिण्याइतकाही वेळ लागत नव्हता म्हणे. ही माणसं गल्लीच्या टोकाला गेली असतील नसतील, तोवर आमच्या प्रिंटरनं कागद ओकला. सत्तावीस गुण. चांगलं जमलं असतं. मी तो कागद खिळ्याला अडकवला आणि कपबशा उचलल्या.

ही दोन हजार दहाच्या आसपासची गोष्ट. कराडात सोमवार पेठेत आमचं वधू-वर सूचक केंद्र होतं, म्हणजे नानांचं जुनं शिलाईचं दुकानच. रेडीमेड आलं, गिऱ्हाईक गेलं, तेव्हा नानांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, कात्री ठेवली आणि आमच्या शिंपी समाजासाठी हे केंद्र काढलं. तालुक्यातली निम्मी घरं त्यांना मापासकट माहीत होती आणि पत्रिकांचं वेड आधीपासूनचं. कापड बेतायच्या लांबलचक टेबलावर कॉम्प्युटर येऊन बसला, तोही एका बुडालेल्या पतसंस्थेचा, जुनापुराणा. टेबलावर खडूच्या रेघा तशाच होत्या. नानांच्या गळ्यातली टेपही निघाली नव्हती. शिवत नाही तर टेप कशाला मिरवता, असं विचारलं की म्हणायचे, “एक माप राहिलंय.”

ते माप जावयाचं. आमच्या घरी जावयाचा लग्नातला सदरा सासऱ्यानंच शिवायचा, ही रीत. माझ्या विसाव्या वर्षी नानांनी त्यासाठी कोसा सिल्कचं कापड घेऊन ट्रंकेत ठेवलं होतं. दर दिवाळीला त्यातल्या डांबराच्या गोळ्या बदलायच्या. कापड तसंच राहिलं, कारण माझ्या पत्रिकेत सातव्या घरात मंगळ. स्थळं येत होती, वाईट नव्हती. पण नानांनी पत्रिका मांडायची, मान हलवायची आणि नारळ देऊन माणसं वाटेला लावायची. पुढं स्थळंच यायची थांबली.

तर मी सदतीस वर्षांची. दिवसभर लोकांची लग्नं जमवायची. मुलगी गोरी पाहिजे, उंच पाहिजे, नोकरीवाली पाहिजे, पण स्वयंपाक तिनंच केला पाहिजे. सगळं हसून ऐकायचं. समाजातल्या बायका तोंडावर म्हणायच्या, “शशीताई, किती करता हो!” आणि पाठ फिरली की, दिव्याखाली अंधार. मला रागही यायचा नाही. राग यायला अंगात जोर लागतो. मी नुसती दमले होते. माझा भाऊ पुण्याहून फोन करायचा, केंद्र बंद करा आणि दोघंही इकडं या. इकडं या म्हणजे मी त्याच्या फ्लॅटमध्ये पोळ्या लाटायच्या, मरेपर्यंत. हे मला कळत होतं, आणि कधीकधी तेही बरं वाटायचं, इतकी मी दमले होते.

त्यात हा कॉम्प्युटर. आधीही तो काही पळत नव्हता, पण दिवाळीनंतर पार बसलाच.

“मी सादिकला बोलावतेय,” मी त्या दिवशी नानांना सांगून टाकलं. “मेमरी वाढवून घेऊ. त्यानं पळायला लागेल.”

“काही नको. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.”

“मग नवीन घेऊ.”

“नवीन तर मुळीच नको. हा काय मेलाय का?”

“मेला असता तर सुटले असते! नाना, माणसं परत जायला लागली.”

“जाणारी जातात. ज्यांना बसायचंय ती बसतात,” नाना म्हणाले आणि रेडिओचा आवाज वाढवला.

बसणारं माणूस एकच होतं, ते म्हणजे माळवदे.

माळवदे तासगावचे. दूध संघात दुधाचं फॅट तपासायच्या विभागात होते. आई-वडील लवकर गेले, धाकट्या बहिणीला, ज्योत्स्नाला, त्यांनीच वाढवलं आणि आता तिच्यासाठी स्थळ बघत होते. स्वतः चाळिशी ओलांडलेली, लग्न नाही. दिवाळी झाल्यावर पहिल्यांदा आले आणि मग दर शनिवारी येत राहिले. शनिवारी नाना मारुतीला जायचे. इतर वेळी दर्शन घेऊन लगेच परतणारे नाना, माळवदे आले की देवळातच रमायचे. मला वाटायचं, म्हातारपण, पाय दुखत असतील.

त्या शनिवारी मी ज्योत्स्नाची माहिती घातली, बटण दाबलं. घड्याळ फिरायला लागलं.

“बसा. वेळ लागेल,” मी म्हणाले.

“लागू दे की.” माळवद्यांनी पिशवीतून कागदाची पुडी काढून टेबलावर उलगडली. तासगावचे बेदाणे. दर वेळी आणायचे. एक त्यांनी उचलायचा, एक मी.

“तुम्हाला एक विचारू?” मी म्हणाले. “बहिणीसाठी इतकी वणवण करताय. स्वतःचं का नाही बघितलं कधी?”

“बघायला पत्रिका लागते ना. माझी नाही निघत.”

“का?”

“जन्मवेळ माहीत नाही. आमच्या घरात घड्याळ कुठलं तेव्हा? आई म्हणायची, गुरं घरी यायच्या वेळेला झालास. तुमच्या ह्या मशीनला चालतंय का असं? गुरं घरी यायची वेळ?”

मला हसू आलं. “तास आणि मिनिटं मागतं हो ते. गुरं त्याच्यात घालायची सोयच नाही.”

“तेच तर. एकदोन घरांनी विचारलं होतं. वेळ नाही म्हटल्यावर म्हणाले, काय दडवताय? मग सोडून दिलं.” त्यांनी आणखी एक बेदाणा घेतला. “मी काय दडवणार? दुधात पाणी किती ते सांगायचा पगार मिळतो मला.”

मी परत हसले. केंद्रात येणारा प्रत्येक माणूस मला ताई म्हणायचा, माझ्यापेक्षा मोठे बाप्येसुद्धा. माळवदे मला कधीच काही म्हणत नसत. हाकच मारायचे नाहीत. हे माझ्या ध्यानात आलं होतं, आणि ध्यानात आलंय म्हणून माझाच मला राग यायचा. काय हे शशे, या वयात, असं मनाशी म्हणायचं आणि शुक्रवारी केस धुवायचे.

“बरं, एक सांगायचं होतं,” ते म्हणाले. “ज्योत्स्नाला ते वाईचं स्थळ पसंत पडलंय. त्यांनाही ती आवडली. पुढच्या शनिवारी त्या मुलाची जन्मतारीख, वेळ घेऊन येतो. गुण बघायचे आपले रिवाज म्हणून. जमल्यातच आहे.”

“अरे वा! छान झालं की!”

“हो. छान झालं. म्हणजे मग माझं इथलं काम संपलंच.”

हातातला बेदाणा मी तोंडात टाकला, पण त्याची चव काही लागली नाही. काहीतरी बोलायला हवं होतं. मी नेमकं नको तेच बोलले.

“पुढच्या वेळी थांबावं नाही लागणार तुम्हाला. मेमरी वाढवून घेतेय याची. लगेच येईल कागद.”

“कशाला?” ते पटकन म्हणाले.

“लोक खोळंबतात हो.”

“हां. खोळंबतात खरं.” त्यांनी पुडीचा कागद नीट घडी करून खिशात ठेवला. प्रिंटर सुरू झाला होता. ज्योत्स्नाची पत्रिका घेऊन ते उठले, दाराशी चपला घालता घालता जरा थांबले, आणि गेले. ते गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत मी दारात उभी होते. उगाच खोटं कशाला सांगू?

आठवडाभर मी विचार करत होते. मेमरी वाढवली तर माळवदे येतील, कागद घेतील आणि चपला घालतील. नाही वाढवली तर घटकाभर बसतील, आणि मग चपला घालतील. मग काय फरक पडतोय? उगाच जीवाला घोर. त्यापेक्षा धंद्याचं बघावं. मी सादिकला फोन करून शनिवारी सकाळी यायला सांगितलं.

सादिक मुल्ला बोलण्यात पटाईत. हातात पेचकस आणि तोंडानं नवीन कॉम्प्युटरची जाहिरात. नाना नुकतेच मारुतीला गेले होते.

“ताई, खरं सांगू का? याला मेमरी घालणं म्हणजे म्हाताऱ्या बैलावर नवी झूल. त्यापेक्षा माझ्याकडं एक फस्क्लास मशीन आलंय बगा—”

“सादिकभाई, आधी उघडा तर.”

त्यानं डब्याचं झाकण काढलं. तोंडानं फुंकर मारली, धूळ उडाली, आम्ही दोघंही खोकलो. मग तो आत वाकून गप्पच झाला. सादिक गप्प झाला म्हणजे काहीतरी गंभीर.

“काय झालं? जळलाय का?”

“जळला न्हाई. एक पट्टी कुठंय?”

“कसली पट्टी?”

“मेमरीची ओ. ह्यात दोन होत्या. ही बगा, ही एक हाय. ही दुसरी जागा मोकळी. मागल्या वर्षी मीच साफ केलता की हा. दोन होत्या, शप्पत.”

“पडली असेल कुठं?”

“पडती कशी? दोन्हीकडनं क्लिपा असत्यात. त्या उघडल्याबिगर निघत न्हाई.” तो हसला. “तवा नाना शेजारीच बसलेले. लई चौकशी. ही कशाला, ही काढली तर काय हुतंय? मी म्हटलं, नाना, ही काढली की गाडी बैलगाडी हुती. क्लिप कशी उघडायची ते पण दावलं. नानांची बोटं काय चालत्यात ओ! एका दमात काढली आन् बसवली.”

मी त्या मोकळ्या जागेवरून बोट फिरवलं.

“चोरी झाली म्हणावं तर,” सादिक डोकं खाजवत म्हणाला, “चोर एक पट्टी नेऊन दुसरी ठिवंल व्हय?”

मी उठून आतल्या खोलीत गेले. कोपऱ्यात नानांचं शिलाई मशीन होतं, वर चादर टाकलेली. कुणी हात लावायचा नाही अशी ती जागा. मी खण ओढला. बॉबिनी, हुकांचा डबा, खडूचे तुकडे. आणि मागच्या बाजूला एक एवढीशी कापडी पिशवी, बोटभर रुंद, आतून अस्तर लावलेली, वर शर्टाचं बटण आणि त्याला सुबक काजं. मी बटण काढलं. आत ती पट्टी होती, हिरवी, वर काळे चौकोन.

नानांनी तेव्हा कितीतरी वर्षांत मशीनला पाय लावला नव्हता, असं मला वाटत होतं.

“शशे, प्रसाद घे.” नाना मागे येऊन उभे होते. हातात खोबऱ्याचा तुकडा. माझ्या हातातली पिशवी दिसली तसे खाटेवर बसले.

“धूळ बसू नये म्हणून शिवली,” ते म्हणाले.

“नाना, का?”

“सादिक आलाय होय?”

“नाना, मी विचारतेय काहीतरी. का काढली? मी दिवस दिवस त्या मशीनपुढं तोंड घेऊन बसतेय. माणसं नावं ठेवून जातात. का?”

नानांनी गळ्यातली टेप बोटाला गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली.

“दिवाळीनंतर तो तासगावचा आला ना पहिल्यांदा? त्या दिवशी कॉम्प्युटर खरंच अडकला होता. तुम्ही दोघं बसला होता बोलत. आणि तू हसलीस. मी इथं होतो. किती वर्षांनी ऐकलं मी. मी म्हटलं, हसतीय पोरगी. तेवढ्यात मेला कागद आला आणि तो माणूस उठून गेला.”

“म्हणून?”

“म्हणून काय. वाटलं, कागद जरा उशिरा यावा.”

“आणि कोरेगावचे? त्यांच्यासारखे बाकीचे?”

“त्यांची लग्नं होतात गं कुठंतरी.” नानांचा आवाज बसला. “तुझ्या वेळेला मी कागद बघायचो आणि माणसं परत पाठवायचो. कुणाला चहा पिईपर्यंत बसू दिलं नाही. बसली असती, दोन शब्द बोलली असती, तर... मला काय कळतंय शशे? मला कापडातलं कळतं.”

मला ओरडायचं होतं. सतरा वर्षांचं सगळं तोंडावर आलं होतं. पण नाना प्रसादाचं खोबरं मुठीत धरून बसले होते आणि माझ्या हातात ती अस्तर लावलेली पिशवी होती, काजं केलेली. मला रडूच फुटलं. उभ्या उभ्या पदर तोंडात कोंबून मी रडले, आणि नाना नुसतं म्हणत राहिले, “असू दे, असू दे.”

बाहेरून सादिकनं हाक मारली. “ताई! मग कुठली लावू? नवी, का जुनी सापडली तर ती, का दोन्ही ठोकून टाकू?”

मी डोळे पुसून बाहेर आले. त्याच वेळी गल्लीच्या तोंडाशी माळवदे दिसले, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातानं केस सारखे करत.

“झाकण लावा,” मी म्हणाले.

“काहीच न घालता?”

“आज नको काही. सोमवारी या.”

“ताई, फेरी फुकट गेली की ओ माझी!”

“सोमवारी या म्हटलं ना! चहा पाजते.”

सादिकनं माझ्या तोंडाकडं बघितलं, दाराकडं बघितलं, आणि काय समजायचं ते समजून पेचकस खिशात घातला. मुकाट्यानं झाकण बसवून, माळवद्यांना सलाम ठोकून गेला.

माळवदे बसले. मी ज्योत्स्नाची वेळ घातली, वाईच्या मुलाची वेळ घातली, बटण दाबलं. वाळूचं घड्याळ उलटं झालं. त्या घड्याळाकडं मी आयुष्यात पहिल्यांदा प्रेमानं बघितलं.

“वाढवली नाही मेमरी?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“बरं केलं.”

बेदाण्यांची पुडी उघडली. कुणी काही उचललं नाही.

“पुढच्या शनिवारी मी काय म्हणून येऊ, तेच कळेना मला,” माळवदे टेबलावरच्या खडूच्या रेघांकडं बघत म्हणाले. “म्हटलं, आपलंच नाव नोंदवावं केंद्रात.”

“नोंदवा की. मुलगी कशी पाहिजे?” रोज शंभर वेळा विचारायचा प्रश्न. पण आवाज माझा मलाच ओळखू येईना.

“पत्रिका न बघणारी.”

“अशी एकच आहे माझ्याकडं. पण तिला मंगळ आहे.”

“असू दे की. मला काय काय आहे, ते तरी कुणाला माहीताय?”

मी हसले की रडले, मला आठवत नाही. माळवद्यांचे कान लाल झाले होते.

“आणि नानांना...” ते अडखळले. “नाना तर पत्रिकेशिवाय बोलतच नाहीत म्हणे. त्यांना वेळ विचारली तर काय सांगू?”

“गुरं घरी यायची वेळ म्हणजे गोरज,” आतून आवाज आला. “अख्खा गाव लग्न लावायला गोरज मुहूर्त शोधतो. हा माणूस जन्मलाच त्याच्यावर. याला आणि कसली पत्रिका पाहिजे?”

नाना दारात उभे होते. काखेत डांबराच्या गोळ्यांचा वास येणारी कापडाची घडी. ती त्यांनी टेबलावर प्रिंटरशेजारी ठेवली आणि गळ्यातली टेप काढली.

“उठा माळवदे. सरळ उभे राहा. श्वास सोडा, पोट आत ओढू नका, मला फसवता येत नाही.”

माळवदे हात पसरून उभे राहिले. आधी काहीच न कळून, आणि मग कळून. नानांनी त्यांच्या खांद्यावर टेप धरली. टेप जिथं पाहिजे तिथंच बसली.

“शशे, लिहून घे. बघत काय बसलीस?”

लहानपणी दुकानात गर्दी असली की मी अशी मापं उतरवून घ्यायची. मी खडूचा तुकडा घेतला आणि टेबलावरच, जुन्या रेघांच्या मधल्या जागेत, नाना सांगतील तसं लिहायला लागले. खांदा. छाती. बाही. गळा.

ज्योत्स्नाचे गुण पडद्यावर कधी आले, ते कुणी बघितलं नाही.